स्टेडियम ‘तयार’ करतात म्हणजे नक्की काय करतात?

हाफटाइम
मंडळी, २०२६ चा फुटबॉल वर्ल्डकप तोंडावर आलाय. ११ जूनला मेक्सिको सिटीत पहिली मॅच, १९ जुलैला न्यू जर्सीत फायनल. आपल्याकडे तेव्हा २० तारखेच्या रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. आमच्या ऑफिसात मेस्सी पूर्ण नव्वद मिनिटं खेळेल का यावरून दोन गट पडलेत. मी तिसऱ्या गटात, एकटाच. माझं लक्ष गवताकडे आहे.

हसू नका. माझा मुलगा बाणेरला टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या गवतावर, खेळायला जातो. तो म्हणाला, ‘बाबा, अमेरिकेतल्या स्टेडियममध्येपण टर्फच आहे, मग वर्ल्डकप टर्फवर होणार का?’ उत्तर माहीत नव्हतं म्हणून शोधायला बसलो आणि उठलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बायको अजून रागावलेली आहे.

तर, ४८ संघ, १०४ सामने, १६ शहरं. अमेरिकेतली सगळी ११ स्टेडियम त्यांच्या त्या लांबट चेंडूच्या फुटबॉलची. एकूण १६ पैकी ८ ठिकाणी एरवी प्लास्टिकचं गवत असतं. फिफाची अट मात्र खऱ्या गवताची. म्हणजे आठ ठिकाणी प्लास्टिक काढा नाहीतर झाका, वर जिवंत गवत आणून अंथरा आणि ते महिनाभर जगवा. त्यातल्या पाच स्टेडियमना छप्पर आहे: डलास, ह्यूस्टन, अटलांटा, लॉस एंजलिस आणि व्हँकूवर. डलासला सगळ्यांत जास्त, ९ सामने आहेत, १४ जूनपासून थेट १४ जुलैच्या सेमीफायनलपर्यंत. ऊन नाही, वारा नाही, आणि वरून बावीस जणांचे खिळ्यांचे बूट!

दुसरी भानगड मापाची. त्यांच्या खेळाचं मैदान जेमतेम ४९ मीटर रुंद असतं. फिफाला १०५ बाय ६८ हवं. लांबीला अडचण नाही, पण रुंदीला दोन्ही अंगांनी नऊ-दहा मीटर कमी पडतात, आणि कोपऱ्यांत खुर्च्या आड येतात. न्यू जर्सीच्या मेटलाइफमध्ये यासाठी १,७४० खुर्च्या काढाव्या लागल्या. आम्ही सोसायटीत पार्किंगचे दोन खांब हलवायचे म्हणून तीन वर्षं मीटिंगा घेतोय.

हे काही पहिल्यांदा होत नाहीये. १९९४ च्या वर्ल्डकपला डेट्रॉइटजवळच्या सिल्व्हरडोममध्ये, म्हणजे पूर्ण बंद घुमटात, खरं गवत नेलं होतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी ते बाहेर मोकळ्यावर षटकोनी पेट्यांमध्ये वाढवलं आणि पेट्या आत नेऊन मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींना जोडल्या. वर्ल्डकपचा सामना छपराखाली खेळला जायची ती पहिलीच वेळ. यंदाही तेच विद्यापीठ आणि टेनेसी विद्यापीठ मिळून गवतावर काम करतायत. बूट घातलेला खोटा पाय मैदानावर आपटून मोजमाप घेणारं यंत्रसुद्धा आहे त्यांच्याकडे.

आता माझा प्रश्न. मी बालेवाडीच्या क्रीडासंकुलापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. उद्या समजा अशी एखादी मोठी स्पर्धा पुण्याला मिळाली, तर बालेवाडी ‘तयार’ करायचं म्हणजे काय काय करावं लागेल? रंगरंगोटी आणि खुर्च्या मला कळतात. बाकीचं जाणकारांनी सांगावं. आणि हे बर्म्युडा नावाचं विलायती गवत आपल्याकडे जगतं का?

पेठेतला
पहिला नंबर माझा. आधी चांदणी चौकातून वेळेत बालेवाडीला पोचून दाखवा, मग गवताचं बघू.

सोनचाफा
वाचतेय. गवतावर धागा निघेल असं वाटलं नव्हतं. पुण्यात लॉन म्हणजे लग्न, एवढंच माहीत होतं.

नऊ नंबर
हाफटाइम, ‘उद्या समजा मिळाली तर’ काय? मिळून गेली की! २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एएफसी महिला आशिया कप भारतात झाला. मैदानं तीनच: अंधेरी, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील आणि आपलं बालेवाडी. आधी भुवनेश्वर आणि अहमदाबाद ठरलं होतं, पण करोनामुळे सगळे संघ जवळजवळ ठेवायचे म्हणून स्पर्धा महाराष्ट्रात आली.

दोन्ही सेमीफायनल बालेवाडीला झाल्या, ३ फेब्रुवारीला, एकाच दिवशी. चीन विरुद्ध जपान आठवते का कुणाला? जपान २-१ ने पुढे, जादा वेळेचं ११९ वं मिनिट, आणि वांग शानशानने बरोबरी केली. मग पेनल्टीवर चीन जिंकलं आणि तीन दिवसांनी कपही घेऊन गेलं. त्याआधी ३० जानेवारीला फिलिपिन्सच्या मुलींनी चायनीज तैपेईला पेनल्टीवर हरवलं आणि त्यांच्या देशाला पहिल्यांदाच वर्ल्डकपमध्ये जागा मिळाली. कुठे? बालेवाडीत! मनिलात लोक नाचत होते आणि इथे हायस्ट्रीटवर माणसं पिझ्झा खात बसली होती. कुण्णाला पत्ता नव्हता.

मी तेव्हा शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवत होते. बबल होता, आत जाणं शक्यच नव्हतं. आम्ही चौघी बाहेरच्या रस्त्यावर स्कूटर लावून फ्लडलाइट बघत उभ्या राहिलो आणि मॅच मोबाइलवर पाहिली. आवाज आधी भिंतीपलीकडून यायचा आणि चित्र नंतर. गोल झाला की नाही ते आम्हाला मोबाइलच्या आधी कळायचं.

आपल्या मुली मात्र त्या स्पर्धेत एकच सामना खेळल्या. संघात करोना शिरला आणि तैपेईविरुद्धच्या सामन्याला नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा जणीही उभ्या करता आल्या नाहीत. त्याबद्दल लिहायला लागले तर धागा भरकटेल.

हाफटाइम
अरे देवा. मी त्या दिवशी घरीच होतो. खिडकीतून लाइट दिसत होते, मला वाटलं शूटिंग चालू आहे.

उरुळीकर
नमस्कार. मी सहसा वाचून जातो, पण इथे गप्प बसवत नाही. सोलापूर रोडला आमची नर्सरी आहे, लॉनचं काम वडिलांपासून.

हाफटाइम साहेब, तुमचं ते विलायती बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहता ना, तीच. शेतकरी तिला शिव्या घालतो, कारण एक कांडं जमिनीत राहिलं तरी पुन्हा फुटते, आणि खेळाच्या मैदानाला नेमका तोच गुण लागतो: खुरडली, उखडली तरी आठवड्यात पसरून जागा भरून काढते. परदेशात तिच्या बारीक पानाच्या, दाट जाती काढल्यात. आपल्याकडे मैदानांना सिलेक्शन वन वापरतात, तीही हरळीच. बंगल्यापुढे मऊ गादीसारखं दिसतं ते मेक्सिकन लॉन, ते वेगळं. ते बघायला छान, खेळायला उपयोग नाही. तुटलं की महिनोन्महिने भरत नाही.

हरळीचा दोष एकच, तिला सावली चालत नाही. दिवसातून पाच-सहा तास कडक ऊन मिळालं नाही तर ती उंच, फिकट आणि विरळ होते. म्हणून तुमच्या त्या छपराच्या स्टेडियममध्ये थंड हवेची गवतं लावतात, केंटकी ब्लूग्रास आणि रायग्रास, आणि वरून दिवे सोडतात. आपल्याकडे ती गवतं एप्रिलमध्ये करपतील.

आता खरं सांगू का? गवत सगळ्यांत शेवटी येतं. मैदान खालून वर बांधायचं असतं. तळाला चर खणून भोकाचे पाइप, वर खडीचा थर, वर साधारण फूटभर धुतलेली वाळू, आणि मग गवत. माती जवळजवळ नाहीच. लोकांना हे पटत नाही. ‘वाळूत कसं वाढेल’ म्हणतात आणि हौसेने काळी माती आणून टाकतात. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि खेळून खेळून दाबली गेली की तिच्यातून पाणी उतरत नाही. वर हिरवंगार, खाली सिमेंट.

दुसरी चूक अशी की खाली वाळूचा बेड व्यवस्थित करतात आणि वर आमच्यासारख्यांकडून मातीत वाढवलेली लॉनची गादी आणून अंथरतात. मग वाळू आणि गादी यांच्यामध्ये मातीचा पापुद्रा राहतो. पाणी तिथेच अडतं, मुळं खाली जात नाहीत, आणि खेळाडूने जोरात वळण घेतलं की सतरंजी सरकावी तशी गादी सरकते. वाळूवर टाकायची गादी वाळूतच वाढवलेली हवी.

हाफटाइम
काका, हे सोन्यासारखं आहे. अमेरिकेतपण गवत प्लास्टिकच्या कागदावर वाळूत वाढवतात असं वाचलं होतं. ते कशासाठी?

उरुळीकर
मुळं कापली जाऊ नयेत म्हणून. शेतातून गादी खरवडून काढली की अर्धी मुळं शेतात राहतात आणि नव्या जागी रुजायला दोन-तीन आठवडे जातात. खाली प्लास्टिक असेल तर मुळं खाली न जाता आडवी पसरतात, जाळं होतं. गुंडाळून नेली की सगळी मुळं सोबत. टाकल्यापासून थोड्या दिवसांत खेळता येतं. आम्हीही प्लास्टिकवर गाद्या करतो, लग्नाच्या लॉनवाल्यांना घाई असते म्हणून. वर्ल्डकप आणि लग्न, दोन्हींचा मुहूर्त हलत नाही!

आणि मी काका नाही हो, एकेचाळीस पूर्ण.

पेठेतला
एकेचाळीस म्हणजे पेठेत काकाच.

तालीमवाला
कोल्हापूरकर हजर. वर्ल्डकपच्या धाग्यावर पुणेकर गवताचा अभ्यास करायलेत, बेस्ट. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की गवत बघायला कुणाला वेळ आहे? पोरं मातीवर घसरतात, गुडघं फुटतंय, हळद लावून दुसऱ्या दिवशी परत मैदानात.

पण खरं सांगायचं तर याच मैदानांनी पोरं अडवलीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या पोराला पहिल्यांदा तसल्या मैदानावर उतरल्यावर काय वाटलं असंल? चेंडू सरळ जातोय, उसळत नाही, याचीच सवय करायला लागली असंल. चेंडू कसा उसळंल याचा भरवसा नसला की पोरगं मान वर करून पास बघतच नाही, चेंडूकडंच बघत राहतंय. हे मी माझ्या पोराचं बघतोय रोज.

नऊ नंबर
तालीमवाला, शेवटचं वाक्य अगदी खरं. मुलींना शिकवताना माझा निम्मा वेळ ‘मान वर’ ओरडण्यात जायचा, आणि मैदान असं की मान वर केली तर पाय मुरगळायचा.

ब्रह्मपुत्रा
२०१७ चा विषय निघालाच आहे तर माझी एक जुनी जखम. मी तेव्हा नोकरीनिमित्त गुवाहाटीला होतो. सेमीफायनल आमच्याकडे होती, ब्राझील विरुद्ध इंग्लंड. माझ्याकडे तिकीट होतं! आई-बाबांना औंधहून बोलावलं होतं. (वडिलांना फुटबॉल कळत नाही, पण ब्राझील कळतं.)

२१ ऑक्टोबरला माली आणि घानाची क्वार्टरफायनल धो धो पावसात झाली. मी होतो तिथे. चेंडू मारला की पाण्यात थबकायचा, मुलं घसरत जायची आणि मागे चिखलाची रेघ उरायची. नव्वद मिनिटांत मैदानाचा नांगरलेला वाफा झाला. पुढेही पाऊस थांबेना. सामना चार दिवसांवर, आणि फिफाने तो उचलून कोलकात्याला नेला. तिथे एवढ्या ऐनवेळी जाहीर होऊनही साठ हजारांहून जास्त लोक आले. ब्रूस्टरने तीन गोल मारले, इंग्लंड ३-१. आई-बाबांना मी कामाख्या दाखवून परत पाठवलं.

तेव्हापासून स्टेडियम कसं आहे असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, पाणी किती वेळात उतरतं?

रेघोट्या
मी आर्किटेक्ट आहे. स्टेडियम केलेलं नाही, पण गर्दीच्या इमारती केल्यात. उरुळीकरांनी खालची बाजू सांगितली, मी वरची सांगते.

लोकांना वाटतं तयारी म्हणजे जागा वाढवणं. बऱ्याचदा उलटं असतं. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये १९९७ च्या ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्याला १,३१,७८१ माणसं होती. २०१७ च्या वर्ल्डकपसाठी तिथे बाकांऐवजी सुट्या खुर्च्या बसवल्या, प्लास्टिकचं गवत काढून खरं लावलं आणि क्षमता पार निम्म्यावर आणली. कोचीतही सुरक्षेसाठी प्रेक्षकांची संख्या कापली होती. कारण प्रश्न किती माणसं आत मावतात हा नसतोच. किती माणसं किती मिनिटांत बाहेर पडतात हा असतो. ब्रिटिशांच्या नियमावलीत आठ मिनिटं धरतात. दर मिनिटाला एका जिन्यातून किती माणसं उतरतील यावरून उलटा हिशोब करायचा, आणि जिने कमी असतील तर खुर्च्या कमी करायच्या. हे नियम हौसेने आलेले नाहीत. १९८९ मध्ये हिल्सबरोला ९७ माणसं गेली. आपल्याकडे १९८० साली ईडन गार्डन्सवर फुटबॉलच्याच सामन्यात १६ जण गेले.

बालेवाडीची मला दिसणारी मुख्य अडचण वेगळी आहे. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलं, म्हणजे मुळात अॅथलेटिक्सचं. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक. गोलच्या मागे बसलात तर गोलकीपर मुंगीएवढा दिसतो. २०१३ ची आशियाई अॅथलेटिक्स तिथे झाली, त्यासाठी ते उत्तमच आहे. फुटबॉलचा प्रेक्षक मात्र मैदानाला चिकटून हवा. ट्रॅक काढला तर धावपटूंनी कुठे जायचं? मी काढायच्या विरुद्ध आहे. वर्षातले पंधरा फुटबॉल सामने आणि रोज सकाळी धावणारी दोनशे पोरं, यात मला पोरं महत्त्वाची वाटतात.

हाफटाइम
पटलं. फक्त पंधरा सामने तरी कुठे आहेत आता? एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडली आणि हैदराबादला गेली. त्याआधी आय-लीगची पुणे एफसी. मी दोन्हींचे सामने बघितलेत, खुर्चीवरची धूळ स्वतः पुसून.

पेठेतला
एक शंका. गहुंजेचं स्टेडियम का नको? मोठं आहे, नवं आहे, आणि पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत पुढचा वर्ल्डकप येतो, म्हणजे मुक्काम करायची सोय.

उरुळीकर
गहुंजेला मध्ये क्रिकेटची पिच आहे. ती चिकणमातीची, रोलर फिरवून दगड केलेली. बाकी मैदान मऊ आणि मधोमध पट्टा टणक, तिथे घोटा जायला एक पाऊल पुरतं. फुटबॉलसाठी तो मधला भाग खणून वाळू आणि गवत भरायचं, स्पर्धा संपली की पुन्हा क्रिकेटची माती. पिच परत बसायला एक सीझन जातो. क्रिकेटवाले उभे तरी करतील का?

दूरदेशी
न्यू जर्सीहून. मी त्या स्टेडियमपासून वीस मिनिटांवर राहतो, पण तिकिटांचे भाव बघून टीव्हीच बरा असं ठरलंय. इथली एक गंमत: स्टेडियमला आता मेटलाइफ म्हणायचं नाही. फिफाच्या नियमाने स्पर्धेच्या काळात बाहेरच्या कंपन्यांची नावं-जाहिराती झाकायच्या, म्हणून ते झालं ‘न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम’. सगळ्या शहरांत हेच.

पेठेतला
म्हणजे पुण्यात स्पर्धा आली तर सगळ्या पाट्या झाकायच्या?? ‘दुपारी १ ते ४ सामना बंद राहील’ ही कोण झाकणार? नाही जमणार. स्पर्धा परत करा.

सोनचाफा
हसून चहा सांडला. ‘कॉर्नर मारण्यापूर्वी बेल एकदाच वाजवावी.’

पेठेतला
‘चेंडू आमच्या अंगणात आल्यास परत मिळणार नाही. – फिफा.’

नऊ नंबर
आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. खरं गवत हवं हा नियम पुरुषांच्या वर्ल्डकपला इतका पवित्र, आणि २०१५ चा महिला वर्ल्डकप कॅनडात अख्खाच्या अख्खा प्लास्टिकवर खेळवला. खेळाडूंनी आधीच्या वर्षी तक्रार दाखल केली, अमेरिकेची अॅबी वाम्बाक त्यात पुढे होती. काही झालं नाही. व्हँकूवरचं बीसी प्लेस, जिथे त्या २०१५ ची फायनल प्लास्टिकवर खेळल्या, तिथेच यंदा पुरुषांसाठी खरं गवत येतंय. म्हणजे येत होतं की! आणायचं नव्हतं.

हाफटाइम, तुमच्या मुलाला सांगा, टर्फवर मे महिन्यात दुपारी खेळू नकोस. घसरलं की कातडी सोलते आणि रबराचे काळे कण जखमेत बसतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मांडीवर अजून डाग आहे.

हाफटाइम
सांगितलं. तो म्हणाला, रात्री अकराचा स्लॉट स्वस्त मिळतो, तेव्हाच जातो. शिवाय गवताचं मैदान दाखवा, तिथे खेळतो. निरुत्तर.

गणितमास्तर
पाण्याचा हिशोब कुणी केला नाही म्हणून करतो. मैदान १०५ × ६८ म्हणजे ७,१४० चौरस मीटर. कडेची जागा धरून मोठ्या स्पर्धेला १२५ × ८५ लागते, म्हणजे १०,६२५. सोपं जावं म्हणून १०,००० धरू, एक हेक्टर. उन्हाळ्यात गवताला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागतं असं समजू. १०,००० × ०.००५ = ५० घनमीटर = ५०,००० लिटर. दहा हजारी टँकर असेल तर रोज पाच. हे फक्त मुख्य मैदान. सरावाची मैदानं वेगळी, आणि ती एक-दोन नसतात.

आता बाणेर-बालेवाडीतल्या सोसायट्यांनी एप्रिल-मेचा टँकरचा खर्च आठवावा.

उलट दिशेने: तासाभरात २५ मिमी पाऊस पडला तर त्याच मैदानावर अडीच लाख लिटर पाणी. ते खालून निघून गेलं पाहिजे. ब्रह्मपुत्रांचं दुःख या अडीच लाखांत आहे.

रेघोट्या
मास्तर, मैदानाला पिण्याचं पाणी कशाला? सांडपाणी प्रकल्पातलं शुद्ध केलेलं चालतं. फक्त क्षार तपासावे लागतात.

उरुळीकर
हरळी क्षार सहन करते, त्याची चिंता नाही. खरी अडचण वाळूची. नदीची वाळू मिळत नाही, आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, कोनेरी असते, तिच्यात डस्टही असते. ती धुऊन, चाळून घ्यावी लागते. डस्ट राहिली तर दोन पावसाळ्यांत भोकं बुजून निचरा बंद. ठेकेदार म्हणतो ‘वाळू ती वाळूच’. मी एकदा मूठभर वाळू बरणीत पाण्यात ढवळून त्यांच्याच टेबलावर ठेवली. दुपारी जेवून आलो तरी पाणी गढूळच.

साहेबांनी बरणी उचलून ठेवायला सांगितली. काम दुसऱ्याला गेलं. नावगाव सांगत नाही, ते मैदान तुम्ही बघितलेलं असेल. उद्घाटनाला हिरवं होतं, पुढच्या वर्षी त्यावर मांडव पडला, खुंट्या ठोकल्या, ट्रक आत आले. आता तिथे शाळेचं संचलन होतं.

तालीमवाला
बरणीचा किस्सा लई भारी. नाद खुळा.

नाकतोडा
सगळं ठीक, पण हा पैसा घालवायचा कशाला? ब्राझीलने २०१४ ला अॅमेझॉनच्या जंगलातल्या मनौसला स्टेडियम बांधलं. चार सामने झाले. त्या शहरात वरच्या श्रेणीचा एक क्लब नाही. आणि इंग्लंड-इटली सामन्याआधी गवत सुकल्याचे फोटो जगभर गेले. कतारने निदान एक स्टेडियम कंटेनर रचून सुटं होईल असं केलं, ९७४ कंटेनर. भारताने २०२७ च्या आशिया कपची दावेदारी २०२२ च्या डिसेंबरमध्ये मागे घेतली, ती सौदीकडे गेली. मला तर बरं वाटलं.

हाफटाइम
नाकतोडा, स्पर्धा नको हे एक वेळ मान्य. पण सामने संपल्यावर मैदान कुणी सांभाळायचं हे आधी ठरवलं, तर स्पर्धा हे निदान एक निमित्त होतं. जपानचा साप्पोरो डोम बघा. २००२ च्या वर्ल्डकपसाठी त्यांनी मैदानच सरकतं केलं. गवत एरवी बाहेर उन्हात वाढतं, सामन्याच्या वेळी अख्खं मैदान हवेच्या दाबावर उचलून आत सरकवतात. दुसरीकडे अटलांटा. २०२४ च्या कोपा अमेरिकेचा पहिला सामना, अर्जेंटिना-कॅनडा, काही दिवस आधी घाईने अंथरलेल्या गवतावर. जिंकूनही अर्जेंटिनाचा कोच स्कालोनी आणि गोलकीपर मार्टिनेझ दोघांनी मैदानाबद्दल जाहीर नाराजी सांगितली. तीच उरुळीकरांची सरकणारी सतरंजी.

उरुळीकर
सांभाळणं म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याचं टेंडर कुणी काढत नाही. हंगामात आठवड्यातून दोन-तीनदा कापणी, तीही सिलिंडर मोवरने. आडव्या फिरणाऱ्या पात्याच्या मशीनने गवत फाटतं, टोकं पांढरी पडतात. अधूनमधून पोकळ सुळ्यांनी भोकं पाडून वर वाळू पसरायची. सामना संपला की त्याच रात्री उखडलेली ढेकळं हाताने बसवायची, सकाळपर्यंत ठेवली तर मेली. यासाठी चार-पाच माणसं कायमची लागतात, आणि ती माणसं टिकायला पगार वेळेत लागतो. कोट्यवधीच्या स्टेडियममध्ये हरळी कशाने मरते विचाराल तर कीड नाही, पाणी नाही. माळी सोडून जातो म्हणून मरते.

ब्रह्मपुत्रा
+१. हे कुठेतरी चिकटवून ठेवायला हवं.

पेठेतला
चिकटवू नका, पाटी करा.

नऊ नंबर
उरुळीकर, माझ्या शाळेचं मैदान लहान आहे, साधारण ६० बाय ४०. खाली मुरूम, वर काळी माती, पावसाळ्यात तळं. वर्ल्डकप वगैरे काही नको. मुलींना मान वर करून खेळता येईल एवढं करायचं तर कुठून सुरुवात करू? पैसे फारसे नाहीत.

उरुळीकर
ताई, पूर्ण मैदान करू नका, परवडणार नाही. आधी उतार द्या: मध्ये उंच, दोन्ही कडांना उतरतं, शंभर फुटांना एक फूट पुरे. कडेने चर. वरची काळी माती चार बोटं काढा, मुरूम उघडा पडला की त्यावर वाळू आणि शेणखत मिसळून अर्धा फूट. जूनच्या पहिल्या पावसानंतर हरळीची कांडी टोचा, गादी विकत घेऊ नका. कांडी मी देतो, आमच्याकडे ती तणच आहे. दोन महिने मुलींना मैदानावर सोडायचं नाही, तेवढं जमवा. गणपतीपर्यंत हिरवं होईल.

नऊ नंबर
दोन महिने मुलींना आवरणं हेच अवघड. पण नक्की. येत्या रविवारी आले तर चालेल?

हाफटाइम
मीपण येतो. मुलालाही आणतो, टर्फ सोडून काहीतरी बघू दे.

तालीमवाला
मी लांब आहे, फोटो टाका. आणि कांडी उरली तर एसटीनं धाडा.

उरुळीकर
या सगळे. सकाळी नऊच्या आत या, नंतर पाणी सुरू होतं आणि वाफ्यांत चिखल असतो. चपला वाफ्याबाहेर काढायच्या. आणि ताई, येताना तुमच्या मैदानातली मूठभर माती बरणीत घेऊन या.